आठ ग्रॅम

पाचव्या वेतन आयोगाचा फरक आला,
त्यात घेतली. पांढरी आठशे, एमएच एकवीस.
तेव्हा मी वजनं तपासायची.
परतूर, मंठा, अंबड, भोकरदन,
बाजाराच्या दिवशी पालाखाली काटा मांडून
दोन किलोचं, किलोचं, अर्ध्याचं लोखंड
आधी तळहातावर घ्यायचं, मग पारड्यात.

एक गोष्ट कुणाला सांगून पटली नाही:
गंजू लागलेलं वजन आधी किंचित वाढतं.
हवा खातं ते.
मग पोपडे सुटतात आणि घटत जातं,
आणि दुकानदार शपथेवर सांगत असतो
की आज्यापासून हेच माप आहे, मॅडम.

जब्बारभाईला पटलं.
भोकरदन नाक्यापुढं त्याचं डेंटिंगचं शेड.
गाडी घेतली त्याच वर्षी गेले, तर म्हणाला,
"नवी गाडी घिऊन डेंटरकडं कोन येतं?"
मी म्हटलं, नवी आहे म्हणूनच.
तो माझ्याकडं बघत राहिला,
मग पोराला हाक मारून जॅक आणायला सांगितला.

लोक म्हणतात, जालन्याला कुठं समुद्र आहे?
कोरडा मुलूख, इथं कसला गंज.
जब्बारभाईनं चाकावरच्या कमानीत हात घातला
आणि मूठभर काळी माती काढली.
वरून ढेकूळ. फोडलं तर आत ओल,
पंधरा दिवसांपूर्वीची, मंठ्याच्या रस्त्याची.
"ही कापूस पोसती, तसा गंज बी पोसती."
आणि बोअरचं पाणी. गाडी धुतली
की काचेवर पांढरे ठिपके वाळतात.
सहाशे फुटांवरून मोटार लावून
आम्ही आमचा समुद्र वर काढतो.

तेव्हापासून दर साली, हस्त सरला की.
तळाला काळा थर, त्याचा शिंतोडा
आठवडाभर नखातून जात नाही.
खडा लागून टवका उडाला
तर त्याच संध्याकाळी रेड ऑक्साइड.
बॅटरीखालच्या पत्र्याला खायचा सोडा.
पायाखालची मॅट उचलून नमद्याला हात,
तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसा.
आणि दारांच्या बुडाशी भोकं असतात, तांदळाएवढी,
ती केसातल्या आकड्यानं टोकरायची.
"पानी आत येनारच, मॅडम.
काचंच्या फटीतून येतं. कोन आडवनार?
त्याला जायाला वाट ठिवा, बास."

माझ्या फाटकासमोरून भंगाराचे ट्रक जातात
औद्योगिक वसाहतीकडं. बॉनेट, दारं,
चपटी केलेली टपं, कुठल्या कुठल्या राज्यांतली.
रात्री भट्टीचा उजेड गच्चीवरून दिसतो.
केदार म्हणतो, आत्या, आजवर घातले
तेवढ्यात दुसरी आली असती.
हिशोब बरोबर आहे. मी दोनदा तपासला.

यंदा स्पीकरमधलं एक चुंबक घेऊन गेले.
पत्र्यावरून फिरवत नेलं, खट खट चिकटत गेलं.
ड्रायव्हरच्या दाराखाली, उंबऱ्याच्या पट्टीवर
निसटलं आणि मातीत पडलं.
परत लावलं. परत पडलं.

जब्बारभाई टोपी काढून उभा राहिला.
"पुट्टी हाय. मीच भरली.
चौदा साली, पासिंगची तारीख होती,
तुमी दारात हुब्या. पत्रा कापायला दोन दिस लागले असते."
दाढी पांढरी झालीय त्याची. डोळ्याला जाड काच.
नऊ वर्षं मी त्या पट्टीवर पाय ठेवून
गाडीत चढले.

मंठ्याला एक म्हातारी मिरच्या विकायची.
तिचं किलोचं वजन आठ ग्रॅम कमी भरलं.
ऊन कलतं होतं, जीप निघायची होती.
मी शिक्का मारून दिला.
हे कुठल्या रजिस्टरात नाही.

"कापा," मी म्हटलं.
त्यानं चष्म्यावर काळा चष्मा चढवला.
ठिणग्या उडू लागल्या तशी मी मागं सरकले,
आणि हाताला काम म्हणून
मागच्या दाराचं बुड टोकरलं.
चहाच्या कपाएवढं पाणी निघालं, विटकरी.
शेडच्या उतारानं थोडं गेलं,
नालीपर्यंत पोचलं नाही.